गिरगाव-दादरमध्ये परवडणारी खोली भाड्याने घेताना

या भागात टॉवरच्या वाटेला न जाता जुन्या चाळींत खोली शोधा. संडास सामाईक असला की भाडं बरंच उतरतं. एजंटआधी चाळीतल्या किराणावाल्याला, इस्त्रीवाल्याला विचारा. कोणती खोली रिकामी होतेय हे त्यांना आधी कळतं आणि दलालीही वाचते.

खरी गोम पागडीत आहे, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्यावर कायम राहण्याच्या जुन्या पद्धतीत. खोली दाखवणारा बहुतेकदा मालक नसून पागडीचा भाडेकरू असतो. घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय त्याने खोली दिली, तर मालक दोघांनाही बाहेर काढायला कोर्टात जाऊ शकतो आणि तुमचं डिपॉझिट अडकतं. म्हणून भाडेपावती आणि वीजबिलावरचं नाव जुळवून पाहा, संमतीपत्र मागा. टाळाटाळ झाली तर टोकन देऊच नका.

लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार, नोंदवूनच घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार ती जबाबदारी घर देणाऱ्याची आहे. महिना 20,000 भाडं, 1 लाख डिपॉझिट, 11 महिने मुदत धरली, तर 0.25 टक्क्याने मुद्रांक शुल्क पावणेसहाशेच्या आसपास येतं. नोंदणी फी 1,000 वेगळी. एवढ्यासाठी नोटरीवर भागवू नका.

पाणी किती वाजता येतं, हे मात्र शेजाऱ्यांनाच विचारा.