उघड्या मैदानावरचं संगीत नाटक : नागपूरच्या थंडीत घरच्यांना नेताना

नागपुरात उघड्यावर नाटक बघायचे खरे दिवस दिवाळीनंतरचे. वसंतराव देशपांडे सभागृहात ऐनवेळी तिकीट काढून खुर्चीत टेकता येतं. मैदानावर तसं गेलं की मध्यंतरापर्यंत आजीचे गुडघे आखडतात, पोरं पेंगतात आणि निम्मं नाटक सोडून घर गाठावं लागतं.

१. दोन दिवस आधी गोष्ट सांगा

समजा ‘सौभद्र’ आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ते १८८२ साली रंगभूमीवर आणलं, पण मुलांना एवढंच पुरे: सुभद्रेला अर्जुन हवा, बलरामदादाने दुर्योधन ठरवलाय आणि कृष्ण गुपचूप डाव खेळतोय. शेवटही सांगून टाका. संन्याशाच्या वेषातला तो अर्जुनच, हे आधी ठाऊक असलं तरच बलराम त्याला साधुपुरुष समजून मान देतो तेव्हा मुलं खुदकन हसतात. त्यातली दोन पदं घरी ऐकवा. ओळखीची चाल सुरू झाली की मूल सावरून बसतं. अनोळखी आलापाला मात्र लगेच ‘घरी कधी जायचं?’ सुरू होतं. पद रंगलं की ‘वन्स मोअर’ द्यायचा, हेही शिकवा. तो या नाटकांत प्रेक्षकांचा हक्क आहे.

२. पाऊण तास आधी पोचा

उघड्यावर रात्री १० वाजता ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. खास परवानगीच्या मोजक्या दिवशीच तो १२ पर्यंत चालतो. त्यामुळे खेळ संध्याकाळी लवकर सुरू होतो आणि पाच अंकी नाटक बहुधा कापूनच होतं. उशिरा गेलात तर नांदी, म्हणजे सुरुवातीचं मंगलगीत, आणि नाटकाची ओळख करून देणारा सूत्रधार-नटीचा प्रवेश हुकतो. तो हुकवू नका, नाटकात शिरायची वाट तिथूनच आहे.

३. जागा निवडा

सगळ्यात जास्त डोकं इथे लावा. मैदान सपाट असतं, मागची रांग पुढच्यापेक्षा उंच नसते. त्यामुळे दहाव्या रांगेतल्या आठ वर्षांच्या पोराला फक्त डोकी दिसतात. पुढे सतरंजीची बैठक असेल तर एका मोठ्या माणसाने मुलांना घेऊन तिथे बसावं, बाकीच्यांनी खुर्च्यांवर.

आधी मैदानाच्या मधोमध असलेलं साउंडवाल्याचं टेबल शोधा. आवाज जमवणारा माणूस तिथेच बसून ऐकतो, म्हणून गाणं आणि तबला तिथे सर्वांत समतोल ऐकू येतात. त्या टेबलाच्या पुढच्या तीन-चार रांगा धरा. स्पीकरच्या अगदी समोर बसलात तर एकाच बाजूचा आवाज आदळत राहतो, शब्द फुटतात, लहान मूल रडतं. फार मागेही नको. ध्वनीला ३५ मीटर कापायला सुमारे एक दशांश सेकंद लागतो, म्हणून ओठ हलल्यावर शब्द उशिरा आल्यासारखे वाटतात. दिव्याच्या खांबाखालची खुर्ची मोकळी दिसली तरी घेऊ नका, तिथे रात्रभर किडे पडतात. आजी-आजोबांना रांगेच्या टोकाची जागा द्या, उठताना कुणाचे पाय ओलांडावे लागत नाहीत.

४. थंडी खालूनही येते

संध्याकाळी स्वेटर नकोसा वाटतो. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा कधी १० अंशांखाली उतरतो आणि रात्री नऊनंतर गारठा चांगलाच जाणवतो. गवतावर दव पडलं की नुसती सतरंजी ओलावते. आधी ताडपत्री किंवा जाड प्लास्टिक, त्यावर सतरंजी, त्यावर घडी घातलेलं ब्लँकेट, असा क्रम ठेवा. चौघांना ६ बाय ४ फुटांची ताडपत्री पुरते. प्रत्येकाला कानटोपी आणि मोजे हवेतच. डासांचं मलम घरूनच लावून निघा.

५. खाणं

चौघांना २ लिटर पाणी, एक थर्मास चहा, पोळीचे रोल आणि सोललेली संत्री. सांबारवडी, म्हणजे कोथिंबीर भरलेली तळलेली वडी, डब्यात मऊ पडते, ती घरी परतल्यावर खा. चिवडा प्लास्टिकच्या पुडीतून नेऊ नका. पद सुरू असताना ती कुरकुरते आणि चार रांगांचा रसभंग होतो.

६. परतताना

मेट्रोने जाणार असाल तर शेवटच्या गाडीची वेळ आधीच बघा. स्वतःची गाडी असेल तर तोंड फाटकाकडे करून लावा. पडदा पडल्यावर दहा मिनिटं जागेवरच थांबा, गर्दी ओसरते आणि झोपलेल्या मुलाला उचलून सावकाश निघता येतं.