टाइलच्या कोपऱ्याची पट्टी कोणती घ्यावी?

ओट्याची कड किंवा भिंतीचा बाहेरचा कोपरा झाकायला बीडिंग, म्हणजे ही पट्टी, घेताना रंगाआधी जाडी बघा. दुकानात टाइलचा तुकडाच घेऊन जा आणि पट्टीला लावून पाहा. टाइल ८ मिमीची असेल आणि पट्टी ६ची, तर टाइलची धार बाहेर राहते आणि मनगटाला ओरखडे काढते.

पीव्हीसी स्वस्त, कापायला सोपी. बाथरूमच्या भिंतीला चालते. गॅसजवळ मात्र नको, तापून वाकते. उन्हात पिवळी पडते ती वेगळीच. ओट्याच्या कडेला भांडी आपटतात, तिथे स्टील घ्या. स्टेनलेस स्टीलचा ३०४ हा ग्रेड, म्हणजे प्रकार, पुरतो. कोकणात समुद्राजवळ घर असेल तर ३१६, खारी हवा तो जास्त सोसतो. अॅल्युमिनियम दिसायला छान, पण ओलं सिमेंट त्यावर वाळलं की डाग कायमचे. गवंड्याला लगेच पुसायला सांगा. धातूच्या कुठल्याही पट्टीला अॅसिड लावू देऊ नका.

आणि हो, पट्टीचा पाय, म्हणजे तिची चपटी बाजू, टाइलखाली जातो. म्हणून ती टाइल बसवण्याआधीच आणून ठेवा. नंतर वरून चिकटवलेली पट्टी फार दिवस टिकत नाही.