नोकरीचा अर्ज भरायला बसण्यापूर्वी

जाहिरात आणि अर्ज हे दोन्ही प्रथम शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढावेत आणि पात्रता, अंतिम तारीख व जोडायची कागदपत्रे यांची वेगळी नोंद करून घ्यावी. अर्ज छापील असेल तर त्याची एक छायाप्रत काढून ती आधी पेन्सिलीने भरावी, म्हणजे मूळ प्रतीवर खाडाखोड होत नाही. नाव प्रमाणपत्रावर जसे आहे तसेच, अक्षरही न बदलता लिहावे. तारखेत आधी दिवस मागितला आहे की महिना, हे पाहावे. नाहीतर ०३/०७ ही नोंद ३ जुलै की ७ मार्च, याचा निर्णय वाचणाऱ्यावर सोपवला जातो.

सर्वाधिक वेळ अनुभवाच्या रकान्यांसाठी राखून ठेवावा, कारण अनेक अर्ज तिथे फसतात. प्रत्येक नोकरीचे ठिकाण, पदनाम, रुजू झाल्याचा आणि सोडल्याचा महिना व वर्ष ही माहिती स्मरणावर विसंबून न लिहिता नियुक्तीपत्र आणि अनुभवाचा दाखला समोर ठेवून लिहावी, आणि ती बायोडेटाशी ताडून पाहावी. मधल्या काळात नोकरी नसेल तर त्याचे खरे कारण एका वाक्यात द्यावे. तारखा ताणून तो काळ झाकू नये. नोकरी का सोडली, या प्रश्नाच्या उत्तरात जुन्या वरिष्ठांविषयीची तक्रार, ती कितीही रास्त असली तरी, येऊ देऊ नये. ‘कार्यालयीन कामे केली’ असे लिहिल्याने काहीच कळत नाही. ‘आलेल्या बिलांची नोंद ठेवणे व महिनाअखेरीस बँक खात्याशी ताळमेळ घालणे’ असे लिहिले की काम डोळ्यांपुढे उभे राहते. जाहिरातीतील शब्द आपल्या कामाला खरोखर लागू पडत असतील तर तेच वापरावेत, कारण काही ठिकाणी अर्जांची पहिली छाननी संगणकच करतो. ‘सोबतचा बायोडेटा पाहावा’ हे उत्तर मला तरी आळशीपणाचे वाटते.

ज्यांची नावे संदर्भासाठी द्यायची, त्यांना आधी विचारावे. जो प्रश्न आपल्याला लागू नाही, तिथे ‘लागू नाही’ असे लिहावे. रिकामा रकाना नजरचुकीने राहिल्यासारखा दिसतो.

ऑनलाइन अर्जात दीर्घ उत्तरे आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवावीत, कारण बराच वेळ पान उघडे राहिल्यास ते बंद होऊन मजकूर जाऊ शकतो. छायाचित्र व स्वाक्षरीच्या फाइलींचा आकार आणि प्रकार सूचनेप्रमाणे आधीच करून ठेवावा आणि अर्ज शेवटच्या दिवसावर टाकू नये. खालची घोषणा वाचूनच सही करावी. खोटी माहिती नेमणुकीनंतर उघड झाली तरी नोकरी जाऊ शकते. पाठवण्यापूर्वी दुसऱ्या कोणाकडून तरी अर्ज वाचून घ्यावा, आणि पाठवल्यावर पूर्ण अर्जाची प्रत व अर्ज क्रमांक जपून ठेवावा, कारण मुलाखतीतले बरेच प्रश्न याच कागदावरून विचारले जातात.