फेडलेलं पीककर्ज सिबिलवर थकीत दिसत होतं, ते असं निघालं

कर्ज फिटल्याचा बँकेचा नो ड्यूज दाखला हातात, तरी सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडं, खातं थकीत. ट्रॅक्टरचं कर्ज नामंजूर. शाखेत नुसते हेलपाटे. परभणीत मोंढ्याजवळ एक एजंट ‘सिबिल क्लिअर करून देतो’ म्हणत आगाऊ पैसे अन् ओटीपी मागत होता. दिले नाहीत. बँकेनं कळवल्याशिवाय सिबिल नोंद बदलत नाही, मग हा काय बदलणार, कपाळ?

आधी सिबिलच्या साइटवरून वर्षातून एकदा मिळणारा फुकट रिपोर्ट काढला. त्यात चुकीचं खातं शोधून थकबाकीच्या रकमेवर ऑनलाइन डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार, टाकला. फी नाही. लगेच नो ड्यूजची झेरॉक्स जोडून शाखेत अर्ज दिला, आपल्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतला. ३० दिवसांत निपटारा नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम अर्जातच लिहिला. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालापर्यंत जायची वेळ आली नाही. थकबाकी शून्य झाली.