खुरपं लावण्याआधी वाफा नीट पाहा

उन्हाळा सरून पहिला चांगला पाऊस झाला की मोकळ्या वाफ्यात लगेच हिरवा थर उठतो. तो सगळाच तण समजून खरवडू नका. घोळ, माठ, आंबुशी अशा खायच्या भाज्या त्यातच असतात. चार-सहा पानं येऊ द्या, ओळख पटवा, मगच खुरपा.

घोळीच्या बाबतीत विशेष सावध राहा. तिच्या शेजारीच नायटीसारखी, जमिनीलगत पसरणारी चिकाची तणं उगवतात आणि घाईत ती भाजीत येतात. देठ मोडून पाहा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, टाकून द्या. घोळीचा देठ गुळगुळीत, गरदार आणि बहुधा लालसर असतो. मोडल्यावर पाण्यासारखा रस येतो. पावसाने ओढ दिली की घोळ दिवसा पानांची रंध्रं (हवा आत-बाहेर जाण्याची सूक्ष्म छिद्रं) मिटते आणि रात्री उघडते. रात्रभर पानांत मॅलिक आम्ल साठतं, म्हणून सकाळी खुडलेली घोळ आंबट लागते, संध्याकाळची सौम्य. आंबटपणा नको असेल तर उतरत्या उन्हात खुडा.

फुलं दिसली की मात्र हयगय नको. एका झाडापासून हजारो बिया पडतात आणि त्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात. उपटलेली घोळ वाफ्यातच टाकली तर ओलीवर पुन्हा मूळ धरते, म्हणून ती बाहेर न्या.

दिवस लहान होऊ लागले की माठ तुऱ्यावर येतो आणि पानं जून होतात. त्याआधी शेंडे खुडत राहिलात तर बगलफूट मिळत राहते. काटेमाठ अगदी कोवळा असतानाच घ्या. थंडी पडली की चाकवताची पाळी. कोवळ्या पानांवरची पांढरी भुकटी ही त्याची खूण.

या भाज्यांना युरिया देऊ नका. जास्त नत्र आणि त्यात ढगाळ हवा असली की पानांत नायट्रेट साचतं. घोळ, माठ, चाकवत आणि आंबुशीत मूतखड्याला हातभार लावणारं ऑक्झलेटही बरंच असतं. भाजी उकळून पाणी टाकून दिलं तर दोन्ही कमी होतात, पण मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावी. तणनाशक मारलेल्या किंवा सांडपाणी येणाऱ्या जागेवरचं पान कितीही टवटवीत दिसलं तरी खुडू नका.