डॉक्युमेंटेशनमधली शब्दांची सरमिसळ: या चुका टाळा

पहिल्या पानावर ‘वर्कस्पेस’, तिसऱ्यावर ‘प्रोजेक्ट’, स्क्रीनशॉटमध्ये ‘स्पेस’. वस्तू एकच. निबंधात समानार्थी शब्द पेरले की गुण मिळायचे, ती सवय मॅन्युअलमध्ये सोडा. वाचणाऱ्याला या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात आणि तो मेन्यूमध्ये तिसरी शोधत बसतो.

मोठी टूल्सही यातून सुटलेली नाहीत. गिट म्हणजे फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल. त्यात कमिटच्या, म्हणजे बदल पक्के नोंदवण्याच्या आधी ते जिथे जमा होतात, त्या जागेला ‘इंडेक्स’, ‘कॅश’ आणि ‘स्टेजिंग एरिया’ अशी तीन नावं. बदलांमधला फरक दाखवणाऱ्या ‘गिट डिफ’ कमांडला ‘--कॅश्ड’ द्या किंवा ‘--स्टेज्ड’, काम तेच. मग तयार बदल लागू करणाऱ्या ‘गिट अप्लाय’मधले ‘--इंडेक्स’ आणि ‘--कॅश्ड’ही एकच असतील असं नव्या माणसाला वाटलं, तर त्याचं काय चुकलं? तिथे पहिला ऑप्शन फाइलीही बदलतो, दुसरा फक्त इंडेक्स.

माझा खरा राग मात्र ‘रिप्लेस ऑल’वर आहे. एका टीमने ‘युजर’ऐवजी ‘मेंबर’ म्हणायचं ठरवलं. रिलीज तोंडावर होतं, नव्या सहकाऱ्याने एका झटक्यात सगळं बदललं. डिफ, म्हणजे बदलांची यादी, इतका लांब की रिव्ह्यू करणाऱ्यानेही वरवर चाळून पास केला. लिनक्सची नवं खातं उघडणारी ‘युजरॲड’ कमांड ‘मेंबरॲड’ झाली, कॉन्फिगमधलं ‘युजरनेम’ ‘मेंबरनेम’ झालं, मथळे बदलल्यामुळे थेट त्या मथळ्यांवर नेणाऱ्या अँकर लिंका तुटल्या त्या वेगळ्याच. इन्स्टॉल करणाऱ्यांना ‘कमांड नॉट फाउंड’ दिसायला लागलं आणि सपोर्टवाले सर्व्हर तपासत बसले. मॅन्युअल उघडून बघायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

मी एकेक जागा बघूनच बदलते. ‘ग्रेप’ या मजकूर शोधणाऱ्या कमांडला ‘-डब्ल्यू’ देऊन आख्खा शब्दच शोधते, कोड ब्लॉकला हात लावत नाही, कमिटआधी शब्दाशब्दातला फरक दाखवणारं ‘गिट डिफ --वर्ड-डिफ’ नजरेखालून घालते. कंटाळवाणं आहे, पण ज्यांना एवढाही धीर नाही त्यांनी जुनाच शब्द ठेवलेला बरा.

बटणावर ‘आर्काइव्ह’ असेल तर मॅन्युअलमध्ये ‘डिलीट’ लिहू नका. एरर मेसेज कोडमध्ये असतात, तेही तपासा.

शब्दसूची कुठल्यातरी स्प्रेडशीटमध्ये ठेवली की ती मेलीच समजा. माझी डॉक्युमेंटेशनच्याच रिपॉझिटरीत, म्हणजे गिटमधल्या त्याच्या फोल्डरमध्ये असते: शब्द, एका ओळीत अर्थ आणि वापरायचे नाहीत ते शब्द. कामाचा रकाना तिसरा. तो ‘वेल’ या लिंटरच्या (मजकुरातल्या चुका आपोआप पकडणाऱ्या प्रोग्रामच्या) सब्स्टिट्यूशन, म्हणजे ‘याऐवजी हा शब्द’ अशा नियमात टाकायचा आणि लेव्हल ‘एरर’ ठेवायची, म्हणजे चुकीचा शब्द आला की बिल्ड अडतं. ‘वॉर्निंग’कडे कोणी ढुंकूनही बघत नाही. फक्त सुरुवातीला चार-पाचच शब्द घाला. जुन्या डॉक्युमेंटेशनवर सगळी यादी एकदम लावली की लोक वैतागून लिंटरच बंद करून टाकतात.