परदेशात बाळ झालंय? नागरिकत्वाच्या कागदांत या चुका टाळा

बाराव्या दिवशी बारसं, सहाव्या महिन्यात उष्टावण, आणि मग ‘वर्षाचा झाला की भारतात जाऊ, तेव्हा पासपोर्टचं बघू.’ परदेशातल्या मराठी घरांतला हा ठरलेला क्रम. त्यातली शेवटची पायरीच चुकीची आहे, कारण कायद्याने दिलेली मुदत नेमकी पहिल्या वाढदिवसाला संपते.

आमच्या मंडळातल्या लोकांचे अर्ज चाळून देण्याचं काम गेली काही वर्षं आपसूक माझ्या गळ्यात पडलंय. मी वकील नाही. पण त्याच त्या चुका इतक्यांदा पाहिल्या की आता लिहूनच टाकतो.

‘आईबाप भारतीय, म्हणजे मूल भारतीयच’

सगळ्या घोटाळ्याचं मूळ इथे आहे. नागरिकत्व कायदा, 1955 च्या कलम 4 मध्ये वंशपरंपरेने मिळणाऱ्या नागरिकत्वाचे नियम जन्मतारखेप्रमाणे बदलत गेले आहेत. 26 जानेवारी 1950 ते 9 डिसेंबर 1992 या काळात परदेशात जन्मलेल्या मुलाचे वडील भारतीय असणं गरजेचं होतं. नुसती आई भारतीय असून भागत नसे. 10 डिसेंबर 1992 पासून दोघांपैकी कुणीही एक पुरे झालं. आणि 3 डिसेंबर 2004 पासून आणखी एक अट आली: जन्माची नोंद भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत झाली पाहिजे, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांनी लिहून दिलं पाहिजे.

म्हणजे आज दुबईत, लंडनमध्ये किंवा म्युनिकमध्ये जन्मलेलं बाळ आधी भारतीय असतं आणि मग आपण त्याची नोंद करतो, असं नाही. नोंद केली म्हणून ते भारतीय ठरतं. वकिलातीचा जन्मदाखला लोक गॅसच्या पावतीसारखा कुठेतरी खुपसून ठेवतात, पण मुलाचं नागरिकत्व त्या कागदावर उभं आहे.

याची उलट बाजूही सांगतो, कारण घाबरून फोन करणारेही असतात. तुमचा जन्म 1996 साली मस्कतला झाला, वडील भारतात जन्मलेले भारतीय नागरिक होते आणि तेव्हा कुणी वकिलातीत नोंद केली नव्हती, तर झोप उडवून घेऊ नका. तेव्हाच्या नियमात अशा मुलांना नोंदणीची अट नव्हती. ती अट होती, वडील किंवा आई स्वतःच वंशपरंपरेने नागरिक झालेले असतील तर.

मुदत नेमकी कुणाची चुकते?

आखातात ती सहसा चुकत नाही, कारण तिथे व्हिसाच मागे लागतो. अमिरातीत 120 दिवसांत बाळाचा रहिवासी व्हिसा झाला नाही तर रोजचा दंड सुरू होतो. व्हिसाला पासपोर्ट लागतो आणि पासपोर्टला वकिलातीतली नोंद लागते, म्हणून सगळं वेळेत उरकतं.

चुकते ती ब्रिटनसारख्या देशात. आईवडील नोकरीच्या व्हिसावर असताना तिथे जन्मलेलं मूल देशाबाहेर जाणार नसेल, तर त्याच्या व्हिसासाठी कुणी तगादा लावत नाही. डॉक्टर मिळतो, पाळणाघर मिळतं, पासपोर्टवाचून काही अडत नाही. तिकीट काढायची वेळ येते तेव्हा मूल चौदा महिन्यांचं झालेलं असतं.

मुदत उलटली म्हणून दार बंद होत नाही. केंद्र सरकारच्या परवानगीने नंतरही नोंद होऊ शकते. अर्ज वकिलातीतूनच करायचा. उशीर का झाला ते साध्या, खऱ्या शब्दांत लिहा. आजारपण असेल तर त्याचे कागद जोडा, माहिती नसेल तर माहिती नव्हती असं लिहा. एकाने आजीच्या निधनाचं कारण दिलं आणि सोबतच्या कागदांतून आजी हयात असल्याचं दिसलं. अर्ज परत आला. परवानगी येईपर्यंत पासपोर्ट नाही, त्यामुळे या काळात तिकीट काढू नका.

चुकीचा दाखला

इस्पितळ देतं ते प्रसूतीचं पत्र. तो जन्मदाखला नव्हे. स्थानिक निबंधकाचा दाखलाच लागतो, आणि त्यातही कोणता, हे बघावं लागतं. इंग्लंडमध्ये जन्माची नोंद 42 दिवसांत करायची असते, स्कॉटलंडमध्ये 21. तिथे दाखल्याचे दोन प्रकार आहेत, छोटा आणि पूर्ण. छोट्यावर आईवडिलांची नावंच नसतात! नागरिकत्व आईवडिलांकडून येणार आणि कागदावर आईवडील नाहीत, मग वकिलात तो घेईल कशी? जर्मनीत निबंधकाकडे आंतरराष्ट्रीय नमुन्यातला बहुभाषी दाखला मागून घ्या, म्हणजे भाषांतराचा खर्च वाचतो.

नाव: इथे जरा जास्त थांबतो

आलेल्या अर्जांत मला सगळ्यात जास्त भानगडी नावातच दिसल्या, आणि त्या खास आपल्या आहेत.

पहिली भानगड बारशाची. आत्याने कानात सांगेपर्यंत नाव ठरवायचं नाही, मुंबईहून आजी आल्यावरच बारसं, हे सगळं मला मान्य आहे. पण जर्मनीत जन्माची खबर आठवड्याच्या आत द्यायची असते आणि इस्पितळातला फॉर्म तिसऱ्या दिवशी हातात येतो. घाईत पाळण्यातलं नाव लिहून टाकलं आणि नंतर व्यवहारातलं वेगळं ठेवलं, तर वकिलात पहिलंच धरणार. दोन नावं असतील तर शाळेत लावायचं कोणतं, हे प्रसूतीच्या आधी ठरवून ठेवा. आत्याला आधी फोनवर सांगितलं म्हणून बारशाची मजा कमी होत नाही.

दुसरी भानगड मधल्या नावाची. आपल्याकडे मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तीन पदं. परदेशी दाखल्यावर मात्र नाव आणि आडनाव असे दोनच रकाने. स्थानिक दाखल्यावर मुलगी नुसती ‘आर्या पाटील’ आणि भारतीय अर्जात मधे वडिलांचं नाव घुसवलेलं, असं असलं की आक्षेप आलाच. दोन्हीकडे अक्षरशः एकच लिहा. वडिलांचं नाव हवंच असेल तर ते स्थानिक दाखल्यावर सुरुवातीपासून घाला. मग शाळेत बाई मुलीला वडिलांच्या नावासकट हाक मारतील, तेवढी तयारी ठेवा. आडनावाचा रकाना मात्र कधीही रिकामा ठेवू नका. एकाच नावाच्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसाने येणाऱ्यांना अमिराती 2022 च्या नोव्हेंबरपासून परत पाठवू लागली.

तिसरी आईची. पासपोर्टवर माहेरचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, आणि इस्पितळात नवऱ्याने भरून दिलेलं चौथंच काहीतरी. स्त्रीने नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. सगळीकडे माहेरचंच राहू दिलं तर सगळ्यात सोपं. बदलायचंच असेल तर आधी लग्नाचा दाखला किंवा महाराष्ट्र शासनाचं राजपत्र, मग पासपोर्ट, आणि शेवटी बाळाचे कागद, हा क्रम धरा. उलटा क्रम धरणाऱ्यांना मी सगळे अर्ज दुसऱ्यांदा भरताना पाहिलंय.

चौथी भाषांतराची. अरबीत ‘प’ नाही. पाटलांचं आडनाव अरबीत ‘ब’ने लिहिलं जातं आणि भाषांतरकाराने ते पासपोर्ट न बघता इंग्रजीत आणलं की पाटलाचा ‘बातिल’ होतो. आपल्या ‘रद्दबातल’मधला बातल उच्चाराने याच्या जवळचा, हा योगायोग कागद परत आलेल्याला फारसा हसवत नाही. भाषांतर करायला देताना सोबत आईवडिलांच्या पासपोर्टांच्या प्रती द्या आणि स्पेलिंग तिथूनच घ्यायला सांगा.

लग्नाचा दाखला आणलेलाच नसणं, हीही नेहमीची गोष्ट. हॉलचे फोटो आणि पत्रिका चालत नाही. गावी ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत विवाह नोंदणी करून घ्या, तीही बाळाची चाहूल लागण्याआधीच.

मूल आधीच दुसऱ्या देशाचं झालेलं असतं

अमेरिकेचं सगळ्यांना माहीत आहे. पण इतर देशांत मूल आपोआप तिथलं नागरिक होऊन जातं आणि आईवडिलांना पत्ता नसतो. ब्रिटनमध्ये आई किंवा वडील कायमचे रहिवासी झाल्यानंतर जन्मलेलं मूल ब्रिटिश. ऑस्ट्रेलियातही तसंच. जर्मनीत 27 जून 2024 पासून, दोघांपैकी एकजण पाच वर्षं कायदेशीर राहत असेल आणि कायमच्या वास्तव्याचा परवाना असेल, तर बाळ जन्मतःच जर्मन. आधी ही अट आठ वर्षांची होती. त्याच दिवसापासून जर्मनीने दुहेरी नागरिकत्वही मोकळं केलं, आणि आमच्या ग्रुपवर पेढे वाटले गेले. पण ते जर्मनीने मोकळं केलं, भारताने नाही.

अशा वेळी घरात बसून आधी ठरवा: मुलाला कोणता पासपोर्ट हवा? तिथला काढला की ‘मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही’ हे नोंदणीतलं निवेदन खरेपणाने देताच येत नाही. मग रस्ता ओसीआयचा, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं त्या कार्डाचा. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. दोन्ही पासपोर्ट काढून एक लपवून ठेवण्याचा सल्ला देणारे काका प्रत्येक मंडळात असतात. त्यांना चहा द्या, सल्ला घेऊ नका.

तिथलं नागरिकत्व आपोआप मिळालेलं, पण पासपोर्ट न काढता भारतात नोंद केलेली, अशा मुलांसाठी एक तारीख आहे. अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत दुसरं नागरिकत्व सोडलं नाही, तर भारतीय नागरिकत्व संपतं. तेव्हा बारावीची परीक्षा, प्रवेश, सगळं एकदम असतं. कुणाच्या लक्षात राहणार?

गोव्याच्या वाचकांसाठी आणखी एक. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या आधारावर लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज कागद घेतलेली बरीच कुटुंबं आहेत. बाळाच्या जन्माच्या दिवशी आईवडिलांपैकी कुणीतरी भारतीय नागरिक असावंच लागतं. दोघांनीही त्याआधी पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं असेल, तर वकिलातीत नोंदवण्यासारखं काही उरत नाही. आजोबांनी घेतलं की आईने, आणि कोणत्या तारखेला, हे आधी स्पष्ट करून घ्या.

‘भारतात आल्यावर नगरपालिकेत नोंद केली की झालं’

अर्धवट खरी गोष्ट. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, 1969 च्या कलम 20 प्रमाणे भारतात स्थायिक व्हायला परतलेले आईवडील बाळ भारतात पोहोचल्यापासून 60 दिवसांत इथे जन्म नोंदवू शकतात. पण ती जन्माची नोंद झाली. कलम 4 मागतं ती वकिलातीतली नोंद, आणि एकीने दुसरीची जागा भरून निघत नाही. तातडीच्या प्रमाणपत्रावर, म्हणजे पासपोर्टऐवजी वकिलात भारतात परतण्यापुरता देते त्या कागदावर, बाळाला घेऊन परत येणाऱ्यांनी तिथून निघण्याआधीच वकिलातीत नोंद करून घ्यावी. सांगलीत बसून परदेशातल्या वकिलातीशी ईमेल खेळण्यापेक्षा ते बरं.

आणि एक फार छोटी गोष्ट. मुलाच्या जन्मावेळी तुमच्याकडे जो पासपोर्ट होता, तो नूतनीकरणानंतर कोपरा कापून परत मिळतो. घर बदलताना लोक तो टाकून देतात. टाकू नका. कायदा विचारतो ते ‘जन्माच्या वेळी तुम्ही कोण होतात’ हे, आणि त्या दिवशीचा पुरावा तोच कापलेला पासपोर्ट आहे. वकिलातीचा जन्मदाखला, स्थानिक पूर्ण दाखला आणि हे दोन जुने पासपोर्ट एकाच पाकिटात ठेवा, आणि पाकीट कुठे आहे ते घरात दोघांनाही माहीत असू द्या.